रॅमच्या पट्टीवरचा वेग आणि प्रत्यक्षातला वेग : पार्श्वभूमी

कुडाळच्या बाजारपेठेतील एका फोटो स्टुडिओचा संगणक पावसाळ्याच्या तोंडावर माझ्याकडे तपासणीसाठी आला. लग्नाचे व्हिडिओ जोडताना तो अडखळतो, एवढीच मालकांची तक्रार होती. आत डीडीआर४ रॅमच्या दोन पट्ट्या होत्या, दोन्हींच्या स्टिकरवर 3200 हा आकडा ठळक छापलेला होता आणि विंडोजचा टास्क मॅनेजर मात्र 2133 दाखवत होता. या पट्ट्या तुतारी एक्स्प्रेसने गावी येणाऱ्या एका चाकरमान्याकडून मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून मागवलेल्या असल्यामुळे मालकांना पहिली शंका आली ती नकली मालाची. माल अस्सल होता. छापलेला वेग आणि मिळणारा वेग यांतील ही तफावत कोकणातल्या कितीतरी असेंबल केलेल्या संगणकांत मी पाहिली आहे, आणि तिचे कारण दुकानदाराच्या लबाडीत नसून गेल्या तीसेक वर्षांच्या इतिहासात आहे.

नव्वदच्या दशकाच्या पूर्वार्धात रॅमचा वेग मेगाहर्ट्झमध्ये नव्हे, तर नॅनोसेकंदांत सांगितला जात असे. 72 पिनांच्या त्या काळच्या पट्टीवर 60 किंवा 70 नॅनोसेकंद असा आकडा असे आणि तो जितका लहान तितकी पट्टी जलद. आपली क्षमता व वेग मदरबोर्डाला कळवण्यासाठी पट्टीच्या काही पिना राखून ठेवलेल्या असत. मात्र त्या चार-पाच पिनांतून सांगता येण्यासारखे फारच थोडे होते, म्हणून बाकीची आकडेमोड संगणक जोडणाऱ्याला बायोसमध्ये, म्हणजे संगणक सुरू होताना सर्वांत आधी चालणाऱ्या मदरबोर्डावरच्या प्रोग्राममध्ये, स्वतः भरावी लागे.

घड्याळाच्या ठोक्यावर चालणारी एसडीरॅम आल्यावर हे भागेनासे झाले, कारण आता ठोक्याची गती आणि त्या ठोक्यांच्या हिशेबातले निरनिराळे विलंबकाळ (मागितलेली माहिती मिळेपर्यंत जाणारा वेळ) अशी बरीच माहिती मदरबोर्डाला लागू लागली. त्यासाठी पट्टीवरच आठ पायांची एक चिमुकली चिप बसवण्यात आली. रॅमचे मानक ठरवणाऱ्या जेडेक या संस्थेने तिच्यातील माहितीची मांडणी निश्चित केली आणि तिला एसपीडी हे नाव रूढ झाले. 1998 मध्ये प्रोसेसर बनवणाऱ्या इंटेलने 440बीएक्स या चिपसेटबरोबर, म्हणजे मदरबोर्डावरील नियंत्रक चिपांच्या संचाबरोबर, 100 मेगाहर्ट्झच्या पीसी100 रॅमचा आग्रह धरला, तेव्हापासून ही चिप सार्वत्रिक झाली. संगणक सुरू होताच बायोस प्रथम ती चिप वाचतो आणि तिच्यात लिहिलेल्या आकड्यांनुसार रॅम चालवतो. आज आपल्याला सतावणाऱ्या तफावतीचे मूळ येथे आहे. त्या चिपच्या मुख्य भागात जेडेकच्या मानकात बसणारे आकडे असतात, आणि मानक हे स्वभावतःच सावध असते. कोणत्याही कंपनीची पट्टी कोणत्याही बोर्डावर, ठरलेल्या व्होल्टेजवर, निर्धोक सुरू झालीच पाहिजे, ही त्याची पहिली अट असते.

2000 मध्ये डीडीआरचे मानक प्रसिद्ध झाले. प्रत्येक ठोक्याला एकदा नव्हे तर दोनदा, म्हणजे ठोका चढताना आणि उतरताना, माहिती वाहून नेण्याची ही पद्धत असल्यामुळे खरा ठोका 1600 मेगाहर्ट्झचा असला तरी पट्टीवर 3200 लिहिले जाते. सर्व काही नीट बसवलेले असूनही एखाद्या तपासणी सॉफ्टवेअरमध्ये 1600 पाहून घाबरून येणारे ग्राहक आजही भेटतात, आणि त्यांना प्रत्येक वेळी हे शांतपणे समजावून सांगावे असे मला वाटते, कारण चूक त्यांची नसते.

याच सुमारास हौशी मंडळींसाठी मानकापेक्षा जलद रॅम विकणाऱ्या कंपन्यांचा बाजार वाढला. कारखान्यातून आलेल्या चिपांपैकी सरस चिपा निवडायच्या, त्यांना थोडे अधिक व्होल्टेज द्यायचे आणि मानकाच्या पुढचा आकडा स्टिकरवर छापायचा, असा हा व्यवसाय होता. तो आकडा गाठायचा तर बायोसमधील डझनभर रकाने हाताने भरावे लागत आणि एखादा आकडा चुकला की स्क्रीन काळी. यावर निघालेला तोडगा मला फार कल्पक वाटतो. एसपीडी चिपमधील काही जागा जेडेकने उत्पादकांसाठी मोकळी सोडलेली होती. जलद आकड्यांचा पूर्ण संच त्या मोकळ्या जागेत लिहून ठेवायचे ठरले. 2006 मध्ये चिप बनवणारी एनव्हिडिया आणि रॅम विकणारी कॉर्सेअर या कंपन्यांनी डीडीआर२ साठी ईपीपी या नावाने हे केले. पुढच्याच वर्षी डीडीआर३ बरोबर इंटेलने एक्सएमपी आणले. 256 बाइटांच्या त्या चिपमधील 176 ते 255 क्रमांकांचे शेवटचे 80 बाइट एवढीच त्याची जागा. मानकाचे आकडे पुढच्या ओटीवर आणि स्टिकरवरचे आकडे मागच्या पडवीत, अशी ही रचना आहे. पडवीचे दार मात्र आपणहून उघडत नाही. बायोसमध्ये जाऊन एक्सएमपी प्रोफाइल, म्हणजे तो जलद आकड्यांचा संच, कोणीतरी निवडावे लागते, कारण त्यातले व्होल्टेज मानकाबाहेरचे असते आणि प्रोसेसर कंपन्या त्या वापराला आजही ओव्हरक्लॉकिंगच, म्हणजे अधिकृत मर्यादेपेक्षा जास्त वेगाने चालवणेच, मानतात.

डीडीआर४ च्या काळात या रचनेचा सर्वाधिक गोंधळ उडाला. 2012 च्या मानकानुसार या रॅमला 1.2 व्होल्ट लागतात. बाजारात मात्र 3200 लिहिलेल्या दोन जातींच्या पट्ट्या शेजारी शेजारी विकल्या गेल्या. एक जात 1.2 व्होल्टवर, सीएल22 या, म्हणजे 22 ठोक्यांच्या, विलंबकाळाने चालणारी, पूर्णपणे मानकातली. बोर्ड आणि प्रोसेसर तेवढ्या वेगाचे असतील तर ती आपसूक 3200 वर सुरू होते. दुसरी 1.35 व्होल्टची, बहुधा सीएल16 ची, जी प्रोफाइल निवडेपर्यंत 2133 किंवा 2400 सारख्या मानकातील वेगावरच राहते. विलंबकाळ कमी असल्याने दुसरी जात खरे तर सरस, पण बिनमाहितीच्या हातात तीच मागे पडते. स्टुडिओतल्या पट्टीच्या स्टिकरवर बारीक अक्षरांत 1.35 व्होल्ट लिहिलेले होते आणि तेवढ्यावरून सगळा उलगडा झाला. प्रत्येक चॅनेलमागे, म्हणजे रॅम आणि प्रोसेसर यांमधील प्रत्येक मार्गावरून, सेकंदाला सुमारे 17 गिगाबाइट माहिती वाहून नेणारी ती रॅम 25.6 गिगाबाइट नेऊ शकत होती.

दुसरा अडसर प्रोसेसर व चिपसेटचा. रॅमचे नियंत्रण करणारा भाग पूर्वी मदरबोर्डावरील चिपसेटमध्ये असे; इंटेलची प्रतिस्पर्धी एएमडी हिने 2003 मध्ये आणि इंटेलने 2008 मध्ये तो प्रोसेसरच्या आत नेला, त्यामुळे प्रत्येक प्रोसेसरला रॅमच्या वेगाची स्वतःची अधिकृत मर्यादा आली. शिवाय इंटेलच्या स्वस्त चिपसेटांनी ती मर्यादा ओलांडूच दिली नाही. बी360 च्या बोर्डावर 3200 ची पट्टी लावली तरी ती 2666 च्या वर जात नसे. त्या मालिकेतील चिपसेटांना ही मोकळीक 2021 मध्ये बी560 बरोबर मिळाली. आमच्या भागात स्वस्त बोर्डच अधिक खपत असल्याने जलद रॅमवर खर्च केलेले कितीतरी लोकांचे पैसे असे वाया गेले, याचे मला मनापासून वाईट वाटते. विकताना एवढे एक वाक्य सांगणे मुळीच अवघड नव्हते. छापील वेग आपोआप मिळत नाही हे ग्राहकाला स्पष्ट सांगितले नाही, या मुद्द्यावर अमेरिकेत एका रॅम कंपनीवर दावा झाला आणि तो 24 लाख डॉलरांच्या तडजोडीपर्यंत गेला.

डीडीआर५ चे मानक 2020 मध्ये आले. 2021 च्या एक्सएमपी 3.0 मध्ये पाच प्रोफाइलांची जागा असून त्यांतील दोन वापरणाऱ्याला स्वतः लिहिता येतात, तर एएमडीने 2022 मध्ये रायझन 7000 या प्रोसेसरांबरोबर एक्स्पो हे आपले प्रोफाइल आणले. पट्ट्यांची संख्याही येथे महत्त्वाची ठरते. त्याच रायझन 7000 ची अधिकृत मर्यादा दोन पट्ट्यांना 5200 आहे आणि चार पट्ट्या लावल्यास ती 3600 वर येते. त्यामुळे रिकाम्या खाचा भरून काढण्याचा मोह झालेल्या ग्राहकाला मी आधी हे दोन आकडे कागदावर लिहून दाखवतो.

स्टुडिओच्या संगणकाची गोष्ट प्रोफाइल निवडून संपली नाही. श्रावणात तो पुन्हा आला आणि वेग पुन्हा 2133 होता. पावसात दिवसदिवस वीज नसते आणि बोर्डावरची सीआर2032 बॅटरी उतरलेली होती; वीज गेली की बायोसमधील सेटिंग पुसले जाई आणि बोर्ड निमूटपणे मानकाच्या आकड्यांवर परतत असे. खाऱ्या दमट हवेने पट्टीच्या सोनेरी कडेवर धरलेला पुसट थर मी रबराने हलकेच काढला, पट्ट्या प्रोसेसरकडून मोजून दुसऱ्या व चौथ्या खाचेत बसवल्या, बॅटरी बदलली, प्रोफाइल पुन्हा निवडले आणि रॅममधील चुका शोधणारी मेमटेस्ट ही चाचणी रात्रभर चालू ठेवली. सकाळी चुकांच्या रकान्यात शून्य होते.