भांगलण करूनही लव्हाळा का वाढतो?

उसाची आडसाली (जुलै-ऑगस्टमधली) लागण झाली, आंबवणीचं म्हणजे लागणीनंतरचं हलकं पाणी दिलं, की सांगली-साताऱ्याकडच्या वाळवा, पलूस, कराडच्या काळ्या रानात उसाच्या कोंबाआधी लव्हाळा वर येतो. भांगलण (खुरपणी) होते, दोन दिवस रान स्वच्छ दिसतं आणि आठवडाभरात पुन्हा हिरवंगार. मग दुकानात जाऊन ‘जालीम काहीतरी द्या’ म्हणायची वेळ येते. औषधाचं नाव विचारण्याआधी ते तण एकदा मुळासकट खणून बघावं, असं मला कळकळीनं सांगायचं आहे. तण कशाच्या जोरावर जगतं हे कळलं, तरच त्याला कुठे गाठायचं ते ठरवता येतं.

लव्हाळा हातानं ओढला तर नुसती पात हातात येते. त्याऐवजी कुदळीनं अर्धा फूट बाजूनं खणून माती हळूच झाडा. तारेसारख्या बारीक, काळपट दोऱ्या दिसतील. त्या मुळ्या नाहीत, जमिनीखाली आडवी पसरणारी खोडं आहेत. त्यांवर शेंगदाण्याएवढ्या गाठी माळेसारख्या ओवलेल्या असतात. एखादी गाठ फोडून हुंगली तर नागरमोथ्याचा ओळखीचा वास येतो. या गाठीत पिष्टाचा साठा असतो आणि तिच्यावर एक सोडून अनेक डोळे असतात. एक कोंब खुरपला की दुसरा डोळा जागा होतो. तणांचे अभ्यासक लेरॉय होल्म आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1977 मध्ये जगातल्या सर्वांत त्रासदायक तणांची क्रमवारी लावली तेव्हा लव्हाळ्याला पहिला क्रमांक दिला, तो या गाठींमुळेच.

माळ अखंड असते तोवर टोकाकडची गाठ मागच्या गाठींना दाबून ठेवते, त्यामुळे बऱ्याच गाठी झोपून राहतात. ओल्या रानात रोटर मारला की माळेचे तुकडे होतात, दाब सुटतो आणि प्रत्येक तुकडा स्वतंत्रपणे उगवतो. रान भुसभुशीत झाल्याचं समाधान मिळतं, पण तण वाढवायला आपणच हातभार लावलेला असतो.

गाठीला सोसत नाही ते कोरडेपण. बहुतेक गाठी वरच्या अर्ध्या फुटात असतात. एप्रिल-मे महिन्यात पलटी नांगरानं खोल नांगरून ढेकळं तशीच उन्हात पडू दिली, तर मुळांपासून तुटलेल्या गाठी वाळून मरतात. तेव्हा ढेकळं फोडायची घाई करू नये. फोडलेली माती गाठींना झाकून वाचवते. दुसरी गोष्ट सावली. लव्हाळ्याला भरपूर ऊन लागतं, म्हणून ऊस वाढून सरी झाकली की तो मागे पडतो. खरी कसोटी लागते ती पहिल्या तीन-चार महिन्यांत. या काळात दर पंधरा-वीस दिवसांनी पात कापली गेली, तर नव्या गाठी धरण्याआधीच जुन्यांचा साठा संपत जातो. भांगलण लांबली की उलटं होतं, कारण उगवल्यापासून साधारण महिनाभरात नवी गाठ तयार व्हायला लागते.

उसातल्या लव्हाळ्यासाठी हॅलोसल्फ्युरॉन मिथाईल हे तणनाशक आहे. ते पातीतून शिरून गाठीकडे जातं आणि वाढीला लागणारी काही अमिनो आम्लं बनवणारं विकर (एन्झाइम) बंद पाडतं. वाढ थांबते, पण पात लगेच करपत नाही. आठ-दहा दिवस फारसा फरक दिसत नाही, म्हणून ‘औषध गेलं वाया’ असं समजून लोक लगेच भांगलण काढतात. तिथेच घात होतो! औषध खाली उतरायला पात हवी. फवारणी रानाला वाफसा (चिखल नाही, पण पुरेशी ओल) असताना, लव्हाळ्याला चांगली पानं आल्यावर करावी आणि नंतर तो भाग काही दिवस हलवू नये.

केन्याची गोष्ट निराळी. निळ्या फुलांचं हे तण जमिनीवर बी धरतंच, शिवाय जमिनीखालीही न उमलणारी फुलं धरून बी तयार करतं. त्याची तोडलेली कांडी ओल्या सरीत टाकली तर पेरापेराला मुळं फुटतात. भांगललेला केना बांधाबाहेर काढलाच पाहिजे.

बियांवर वाढणाऱ्या तणांना मात्र पाचटाचा (उसाच्या वाळलेल्या पाल्याचा) चांगला धाक असतो. बऱ्याच बारीक बिया उजेडाचा स्पर्श झाल्याशिवाय उगवत नाहीत. मशागतीत माती पलटली की तेवढा क्षणभराचा उजेडही त्यांना पुरतो. अशा बिया जमिनीत किती काळ टिकतात, हे पाहण्यासाठी अमेरिकेत वनस्पतिशास्त्रज्ञ विल्यम बील यांनी 1879 मध्ये बियांच्या 20 बाटल्या पुरल्या. 2021 मध्ये त्यांतली एक बाटली रात्रीच्या अंधारात उकरली आणि 142 वर्षांनंतरही काही बिया उगवल्या. खोडव्यात (तोडणीनंतर पुन्हा फुटलेल्या उसात) पाचट न जाळता सरीत पसरलं, तर हा उजेडच अडतो. लव्हाळ्याचा टोकदार कोंब मात्र प्लॅस्टिकचं मल्चिंगसुद्धा फोडून येतो, त्याला पाचट काय करणार?

तासगाव, पलूस, मिरज या द्राक्षबागांच्या भागात टूफोरडी (2,4-D) हे तणनाशक वापरताना विशेष जपावं लागतं. हे औषध रुंद पानांच्या वनस्पतीत वाढीच्या संप्रेरकासारखं वागतं आणि वाढीचा ताळमेळ बिघडवून तिला मारतं. ऊस गवताच्या कुळातला, म्हणून तो तगतो. लव्हाळ्याची फक्त वरची पात दबते, गाठी जिवंतच राहतात. द्राक्षवेल मात्र या औषधाला अतिशय नाजूक आहे. सुरू (जानेवारी-फेब्रुवारीत लावलेल्या) उसात फवारणीची वेळ येते, तेव्हा शेजारच्या द्राक्षबागेत खरड छाटणीनंतरची (उन्हाळ्यातल्या छाटणीनंतरची) कोवळी फूट असते. वाऱ्याबरोबर गेलेले थोडे थेंबही पुरतात: नवी पानं पंख्यासारखी आखडतात, शिरा एकमेकींजवळ येतात, कडा दातेरी होतात. औषधाचा एस्टर प्रकार तर फवारल्यानंतर वाफ होऊनही पसरतो. बाग जवळ असेल तर हे औषध टाळलेलंच बरं. बाग लांब असली तरी वारा पडलेला असताना, थेंब मोठा ठेवून फवारावं. पंप निराळाच हवा, कारण नळी आणि टाकीत उरलेला अंश पुढच्या फवारणीत आपल्याच वेलींवर जातो.