उथळ पाण्यात बुडालेले जहाज कसे शोधतात: काम सोपवण्यापूर्वी वाचावे असे माहितीपत्रक

‘पाणी जेमतेम पाच-सहा मीटर, मग शोधाला एवढे दिवस कशाला?’ हा प्रश्न हमखास येतो. पाणी उथळ असले की यंत्र तळाच्या फार जवळून जाते आणि एका फेरीत तळाची अरुंद पट्टीच तपासून होते. शिवाय उथळ पाण्यातले जहाज क्वचितच अखंड राहते. लाटा ते मोडतात, लाकूड पोखरणारे सागरी किडे उघडा भाग खाऊन टाकतात आणि उरलेल्यावर वाळू चढते. पुष्कळदा मागे राहतात ते तोल राखण्यासाठी तळाशी भरलेले दगड, नांगर, तोफा आणि गाळात रुतलेल्या थोड्या फळ्या. म्हणून पहिला प्रश्न ‘कोणते यंत्र?’ हा नसतो. जहाज कशाचे होते आणि तळ कसा आहे, हे आधी ठरवावे लागते.

आधी कागद

जुने नकाशे, बुडाल्याच्या वेळचे जबाब आणि मच्छीमारांची जाळी जिथे वारंवार अडकतात त्या जागा, एवढ्यावरून शोधक्षेत्र बरेच लहान होते. जुन्या नकाशावरचे अक्षांश-रेखांश मात्र थेट जीपीएसमध्ये भरू नयेत. त्या नकाशाची मोजणीची चौकट वेगळी असते, त्यामुळे जागा काहीशे मीटर सरकू शकते. आधी रूपांतर करा, मग त्या जागेभोवती चौकोन आखा.

साइड-स्कॅन सोनार

तळाच्या वर असलेल्या अवशेषांसाठी पहिली निवड हीच. होडीमागे ओढलेले किंवा होडीच्या नाळेवर दांड्याला बसवलेले यंत्र दोन्ही बाजूंना ध्वनी सोडते आणि तळाचे चित्र तयार होते. यंत्राची तळापासूनची उंची एका बाजूच्या पल्ल्याच्या १० ते २० टक्के ठेवतात. सहा मीटर पाण्यात यंत्र पृष्ठभागाखाली एक मीटर ठेवले, तर उंची ५ मीटर आणि पल्ला २५ ते ५० मीटर मिळतो. पल्ला ५० मीटर असेल तर ओळी, म्हणजे होडीच्या समांतर फेऱ्या, ४० मीटर अंतराने घ्याव्यात. यंत्राच्या थेट खालची पट्टी नीट दिसत नाही. ती शेजारच्या ओळीतून झाकली जाते.

चित्रात वस्तूपेक्षा तिची सावली जास्त बोलते. सावलीची लांबी गुणिले यंत्राची उंची, भागिले यंत्रापासून सावलीच्या टोकापर्यंतचे अंतर: ही झाली वस्तूची उंची. सावली ६ मीटर, यंत्र ५ मीटर उंचीवर आणि टोक ३० मीटरवर असेल, तर वस्तू तळापासून १ मीटर वर आहे.

चित्र बिघडते ते मुख्यतः लाटांनी. यंत्र डुलले की सरळ फळीही नागमोडी दिसते. होडीच्या पंख्याने उठवलेले बुडबुडे आणि माशांचे थवेही फसवतात. थवा तळापासून सुटलेला असेल तर त्याची सावली त्याच्यापासून अलग पडते. वेग ३ ते ४ नॉट (ताशी सुमारे साडेपाच ते साडेसात किलोमीटर) ठेवावा. आणखी एक चूक फार महाग पडते: जीपीएस होडीवर, यंत्र वीस मीटर मागे, त्यामुळे नोंदलेली जागा चुकते. एकाच वस्तूवरून उलटसुलट दिशांनी जावे. तिच्या दोन नोंदींमध्ये प्रवासाच्या दिशेने पडलेल्या अंतराचा अर्धा भाग म्हणजे यंत्र ओढणाऱ्या दोरीच्या हिशेबातली चूक.

मॅग्नेटोमीटर

वाळूखालचे लोखंड सोनारला दिसत नाही, मॅग्नेटोमीटरला जाणवते. पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र साधारण २५,००० ते ६५,००० नॅनोटेस्ला (चुंबकीय क्षेत्र मोजण्याचे एकक) असते; एक टन लोखंड १० मीटरवरून त्यात आकारानुसार सुमारे १० ते ५० नॅनोटेस्लाचा फरक पाडते. अंतर दुप्पट झाले की हा फरक आठवा हिस्सा उरतो. म्हणूनच ओळी १० मीटर अंतराने घ्याव्या लागतात, आणि खर्च वाढतो तो इथे. एका चौरस किलोमीटरला सोनारच्या २५ ओळी, तर याच्या १००. म्हणजे ४ नॉट वेगाने वळणे सोडून साडेतेरा तास.

होडी लाकडी किंवा फायबरची बरी. पोलादी असेल तर यंत्र तिच्या लांबीच्या निदान तिप्पट मागे हवे. सूर्यामुळे दिवसभर पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र बदलत राहते, त्यामुळे तो बदल वजा करण्यासाठी किनाऱ्यावर दुसरे यंत्र नोंद घेत ठेवतात. चुंबकीय वादळाच्या दिवशी काम थांबवलेलेच बरे.

काशाची तोफ, पितळ, सोने, चांदी यांचा संकेत येत नाही. १६८६ मध्ये टेक्सासच्या मॅटागोर्डा उपसागरात बुडालेले फ्रेंच जहाज ‘ला बेल’ १९९५ मध्ये मॅग्नेटोमीटरनेच सापडले, चार मीटरहून कमी पाण्यात. त्याची ओळख पटवणारी तोफ मात्र काशाची होती. यंत्राने दाखवले ते आसपासचे लोखंड. उलट बाजूने पाहिले तर जुना नळ, टाकून दिलेली साखळी किंवा मोटारीचे इंजिनही ‘जहाज’ म्हणून समोर येते.

गाळाखाली

लाकडी सांगाडा मऊ गाळात पुरलेला असेल तर गाळाचे थर दाखवणारे सोनार, म्हणजे सब-बॉटम प्रोफायलर लागते. इंग्लंडचे ‘मेरी रोझ’ १५४५ मध्ये बुडाले. १९६७ मध्ये सोनारने तळाखालची खूण दाखवली आणि १९७१ मध्ये तिची लाकडे उघडी पडली. हे यंत्र फक्त स्वतःच्या खालची रेषा तपासते, म्हणून पूर्ण क्षेत्रासाठी नव्हे तर मॅग्नेटोमीटरने दाखवलेल्या जागांवरच वापरावे. गाळात वायू असेल तर त्याखालचे काही दिसत नाही.

दोन मीटरपेक्षा कमी, नितळ पाण्यात यंत्रांआधी ड्रोन उडवावा: सूर्य मध्यम उंचीवर, वारा मंद, ओहोटीची वेळ.

पाणबुडे

शेवटी खात्री माणूसच करतो. मध्यभागी वजन टाकून दोरीने वर्तुळे घेतात; पाण्यात एक मीटर दिसत असेल तर दर फेरीला दोरी दीड मीटर वाढवतात. पंधरा मीटर दोरीचे पूर्ण वर्तुळ सुमारे ७०० चौरस मीटर होते, त्यामुळे पाणबुड्यांकडून क्षेत्र धुंडाळून घेऊ नये. ते नेमक्या ठिपक्यावर उतरवावेत. जिथे भरतीचा ओघ जोरदार, तिथे उधाणापेक्षा भांगाचे, म्हणजे भरती-ओहोटी कमी असण्याचे, दिवस निवडावेत.

‘काही सापडले नाही’ या अहवालासोबत तपासलेल्या प्रत्येक ओळीचा नकाशा, ओळींमधले अंतर आणि त्या दिवसाची लाट मागा. त्याशिवाय त्या वाक्याला किंमत नाही.

अंदाजपत्रकासाठी आम्हाला कळवा: जहाजाचे साहित्य व अंदाजे लांबी, बुडाल्याचे वर्ष, शोधक्षेत्राचे कोपरे, खोली, तळ वाळूचा की गाळाचा, आणि परवानगीची स्थिती. अवशेषांवर मालकाचा, विमा कंपनीचा किंवा सरकारचा हक्क असू शकतो. युनेस्कोच्या २००१ च्या करारानुसार किमान १०० वर्षे पाण्याखाली असलेले अवशेष जागेवरच जतन करण्याला प्राधान्य आहे. त्यामुळे परवानगी येईपर्यंत आम्ही फक्त सर्वेक्षण करतो. वस्तू उचलत नाही.