ठिपके जोडू नका

सहावी-सातवीतल्या मुलांना स्कॅटर प्लॉट, म्हणजे प्रत्येकाची दोन मोजमापं एका ठिपक्याने दाखवणारा आलेख, काढायला सांगितला की ठिपके मांडून होताच बरीच मुलं पट्टी घेऊन ते एकमेकांना जोडायला लागतात. त्यात त्यांचा दोष नाही. तोवर त्यांनी रेषालेख काढलेले असतात. सोमवारनंतर मंगळवारचं तापमान येतं, म्हणून तिथे जोडरेषेला अर्थ असतो. इथे मात्र प्रत्येक ठिपका म्हणजे वेगळं माणूस, आणि एका माणसातून दुसऱ्या माणसाकडे जाणारी रेषा काहीच सांगत नाही. फळ्यावर हे कितीही समजावलं तरी वरवरच उतरतं. ठिपका स्वतःचा असला की पटकन कळतं.

म्हणून आधी मोजमाप. प्रत्येकाची उंची घ्यायची आणि दोन्ही हात आडवे पसरून एका मधल्या बोटाच्या टोकापासून दुसऱ्यापर्यंतची वाव मोजायची. (वजन मुळीच घेऊ नये, या वयात ते आकडे मुलांना बोचतात.) भिंतीवर मोठा कागद लावून आडव्या अक्षावर उंची, उभ्या अक्षावर वाव मांडायची, आणि ज्याने त्याने आपला ठिपका आपल्या हाताने चिकटवायचा. वाव साधारण उंचीइतकीच असते, त्यामुळे डावीकडून उजवीकडे चढत जाणारा ठिपक्यांचा पट्टा तयार होतो.

पट्टा तयार होतो, रेषा नाही. माझ्या मते सगळा धडा इथेच आहे आणि इथे घाई करू नये. सारख्याच उंचीच्या दोन मुलींची वाव वेगळी का आली? काही फरक शरीराचाच असतो. काही मोजण्यातला असतो: कोपर किंचित वाकलं, टेप सैल पडली. हे तपासता येतं. एकाच मुलाची वाव चार जणांनी एकमेकांना न सांगता मोजावी. आकडे बहुधा थोडे वेगळे येतात. मग एखादा ठिपका पट्ट्यापासून फार दूर पडला तर तो खोडायचा नाही, पुन्हा मोजायचा. पुन्हा तोच आकडा आला तर ठिपका तिथेच राहील, कारण ते मूल तसंच आहे.

असाच पसारा ब्रिटिश शास्त्रज्ञ फ्रान्सिस गाल्टन यांच्यासमोर होता. 1886 साली त्यांनी 205 जोडप्यांच्या आणि त्यांच्या 928 प्रौढ मुलामुलींच्या उंचीची तुलना प्रसिद्ध केली. स्त्रियांची उंची पुरुषांशी तुलनेला आणण्यासाठी ते तिला 1.08 ने गुणत. उंच आईवडिलांची मुलं उंचच होती, पण सरासरीने पाहता आईवडिलांपेक्षा सर्वसाधारण उंचीच्या जास्त जवळ सरकलेली. एकेका घराकडे पाहून हे दिसलं नसतं.

आता ताणलेला दोरा पट्ट्यावर धरून ठिपके दोन्ही बाजूंना समतोल राहतील असा फिरवावा. त्या दिवशी गैरहजर असलेल्या मुलाची उंची घेऊन त्याच्या वावेचा अंदाज दोऱ्यावरून बांधावा आणि मग मोजून पाहावं. सहसंबंधाचा आकडा, म्हणजे ठिपके सरळ रेषेच्या किती जवळ आहेत हे सांगणारी संख्या, मात्र या वर्गात आणायची गरज नाही. संख्याशास्त्रज्ञ फ्रँक अँस्कोम यांनी 1973 साली प्रत्येकी 11 ठिपक्यांचे चार संच दाखवले. चारही संचांचा सहसंबंध जवळजवळ 0.82, पण चित्रं पूर्ण वेगळी: एकात विखुरलेले ठिपके, एकात स्पष्ट वक्र, एकात सरळ रेषा आणि एकच भरकटलेला ठिपका, तर एकात उभ्या रांगेतले दहा आणि लांब एकटा अकरावा. आधी चित्र पाहायची सवय लागू द्यावी.

यानंतरचा प्रकल्प मला सर्वांत आवडतो. पहिली ते आठवीच्या मुलांची पावलं कागदावर आखून लांबी मोजायची आणि प्रत्येक मूल एका मिनिटात किती शब्द मोठ्याने वाचतं तेही टिपायचं. आलेखात चढता पट्टा दिसेल: पाऊल मोठं, वाचन जलद. याचं कारण मुलांनाच विचारावं. कोणी ना कोणी वयाचं नाव घेतंच. मग त्याच ठिपक्यांना इयत्तेप्रमाणे रंग द्यायचे. पहिलीचा रंग खाली डावीकडे, आठवीचा वर उजवीकडे, आणि एकाच रंगाचे ठिपके वेगळे पाहिले तर तो चढ बराचसा नाहीसा झालेला.