फायबर पंचायतीत आलं, घरात कधी?

विदर्भातल्या कितीतरी गावांत ग्रामपंचायतीपर्यंत ऑप्टिकल फायबर पोचलं आहे. देशातल्या सुमारे अडीच लाख पंचायती जोडायची ही योजना २०११ मध्ये मंजूर झाली. आज तिला आपण भारतनेट म्हणतो.

केबलीतली काचेची तार १२५ मायक्रॉन जाडीची, साधारण केसाएवढी. प्रकाश धावतो तो तिच्या जेमतेम ९ मायक्रॉनच्या गाभ्यातून, सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर वेगाने. गाभ्याचा अपवर्तनांक, म्हणजे प्रकाश वळवण्याची क्षमता, भोवतालच्या काचेपेक्षा किंचित जास्त असतो, म्हणून प्रकाश आतच राहतो. वाटेत स्प्लिटर हा प्रकाश वाटून देतो आणि त्याला वीज लागतच नाही. या रचनेतली मला सगळ्यात देखणी वाटणारी गोष्ट हीच. वीज लागते ती दोन टोकांना. गावातली लाइट गेली, पंचायतीतली बॅटरी उतरली, की केबल शाबूत असूनही नेट बंद.

दुसरं संकट जेसीबीचं. रस्त्याच्या किंवा पाइपलाइनच्या कामात केबल तुटते. कुठे तुटली ते ओटीडीआर यंत्र पटकन सांगतं: प्रकाशाचा स्पंद सोडायचा, तो परत यायला लागलेल्या वेळेवरून अंतर काढायचं. पण काचेची टोकं वितळवून सांधणारं मशीन आणि ते चालवणारा माणूस लांब असेल, तर गाव तोवर खोळंबतं. म्हणूनच भारतनेटच्या २०२३ च्या सुधारित कार्यक्रमात पंचायती रिंगमध्ये जोडायचं ठरलं. एकीकडून तुटलं तरी डेटा दुसरीकडून येतो.

पंचायतीपासून घरापर्यंतचा तुकडा मात्र अजून अवघड आहे. मेळघाटात टेकड्या रेडिओ लहरी अडवतात, आणि पावसाळ्यात सागाच्या ओल्या पानांतलं पाणी त्या शोषतं. लहरींची वारंवारता जितकी जास्त, तितका हा तोटा मोठा. तिथे टॉवरवर विसंबण्यापेक्षा पाड्यापर्यंत फायबर नेणंच मला योग्य वाटतं, खर्च जास्त आला तरी.

तार आली तरी घरात फोन एकच, आणि तो दिवसभर बापाच्या खिशात. ई-पीक पाहणीसाठी, म्हणजे मोबाइलवरून पिकाची नोंद करायला, तो शेतात हवा, मुलीला अभ्यासाला संध्याकाळी हवा. चौकातल्या वाय-फायखाली अंधार पडल्यावर मुली बसत नाहीत. त्यामुळे पंचायतीनंतरची पहिली जोडणी शाळेला, अंगणवाडीला आणि बचत गटाच्या खोलीला द्यावी; केबल सांधायचं काम तालुक्यातल्याच आयटीआय झालेल्या पोरापोरींना शिकवावं. येत्या ग्रामसभेत एवढं तरी विचारा: आपली पंचायत रिंगमध्ये आहे का, आणि बॅटरी किती तास टिकते?