मुलाची नजर जाते तिकडे

तीन वर्षांचं स्वमग्न (ऑटिझम असलेलं) मूल डब्याचं झाकण जमिनीवर गरगर फिरवत बसलंय. हाक मारली तरी वळून बघत नाही. एक आई ते झाकण बाजूला ठेवते, चित्रांचं पुस्तक पुढे करते आणि विचारते, "हत्ती कुठेय, दाखव बघू?" दुसरी त्याच्याजवळ फतकल मारून बसते, झाकणाकडेच बघते आणि म्हणते, "फिरलं! गरगर गरगर!" माया दोघींची सारखीच. पण दुसरीचा शब्द पडतो तो मूल बघत असलेल्या वस्तूवर, त्याच क्षणी. शब्द आणि वस्तू यांची सांगड घालायला मुलाला लक्ष दुसरीकडे वळवावं लागत नाही, आणि स्वमग्न मुलांना तेच फार जड जातं.

मायकल सिलर आणि मॅरियन सिग्मन या कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी अशा खेळाचे व्हिडिओ बारकाईनं तपासले. 2002 साली त्यांनी मांडलेले निष्कर्ष दोन. मुलाच्या लक्षाशी जुळवून घेण्यात स्वमग्न मुलांचे पालक इतर पालकांच्या तसूभरही मागे नव्हते. आणि जे पालक हे जास्त करत होते, त्यांच्या मुलांची भाषा पुढच्या वर्षांत, अगदी सोळा वर्षांनंतरही, अधिक विकसित झालेली दिसली.

यातला पहिला निष्कर्ष मला जास्त मोलाचा वाटतो. विसाव्या शतकाच्या मध्यावर कित्येक तज्ज्ञ स्वमग्नतेचं खापर आईच्या थंडपणावर फोडत होते. 'रेफ्रिजरेटर मदर' हा शब्द त्या काळातला. त्या आरोपाला कसलाही आधार नव्हता, पण तो घेऊन असंख्य बायका जगल्या. आजही घरातलं कुणीतरी म्हणतंच, "तूच बोलत नाहीस त्याच्याशी."

अर्थात नुसत्या निरीक्षणातून कार्यकारण सिद्ध होत नाही. म्हणून ब्रिटनमध्ये 152 मुलांचे दोन गट करून, एकाच गटाच्या पालकांना प्रशिक्षण देऊन 'पॅक्ट' ही चाचणी झाली. थेरपिस्ट मुलाला शिकवत नव्हते. ते पालकांसोबत बसून खेळाचा व्हिडिओ बघत: इथं त्यानं तुमच्याकडे ओझरतं पाहिलं, इथं तुम्ही थांबलात आणि त्यानं आवाज काढला. प्रश्नांचा भडिमार कमी करायचा, वाट बघायची, मुलानं काढलेला आवाज हे बोलणंच समजून उत्तर द्यायचं. 2010 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निकालात पालकांचा प्रतिसाद खूप बदलला होता, मुलं आपणहून जास्त संवाद सुरू करत होती, पण स्वमग्नतेच्या लक्षणांतला फरक किरकोळ होता. उपचार संपल्यावर सुमारे सहा वर्षांनी पुन्हा तपासलं, तेव्हा लक्षणांची तीव्रता तुलनेच्या गटापेक्षा कमी आढळली. स्वमग्नता नाहीशी झाली नव्हती, आणि तसा दावाही कुणी केला नव्हता.

हीच पद्धत गोव्यात 'संगाथ' संस्थेनं आणि पाकिस्तानात रावळपिंडीच्या गटानं मिळून आजमावली. दोन्हीकडची मिळून 65 मुलं होती. स्पीच थेरपिस्ट मिळणं दोन्हीकडे दुरापास्त, म्हणून तज्ज्ञ नसलेल्या आरोग्य कार्यकर्त्यांना प्रशिक्षण दिलं. सहा महिन्यांत बारा भेटी. 2016 मध्ये निकाल आला: पालकांचं जुळवून घेणं वाढलं, मुलांचा आपणहून संवादही वाढला. मात्र दोघांचं एकाच गोष्टीवर लक्ष असण्याचा वेळ, अपेक्षेच्या उलट, घटला. संशोधकांनी तोही आकडा तितक्याच ठळकपणे छापला.