शर्यत थांबवायची कोणी?

काही वर्षांपूर्वी ग्वाल्हेरच्या एका शालेय क्रॉस कंट्री, म्हणजे रानावनातून धावण्याच्या, स्पर्धेत मी वळणावर झेंडी घेऊन उभा होतो. भाद्रपदातलं ऊन. मुलींची चार किलोमीटरची शर्यत सकाळी सातला सुटायची होती. पाहुणे साडेनवाला आले, मग सत्कार, भाषणं. शर्यत सुटली तेव्हा दहा वाजून गेले होते. नातीबरोबर आलेल्या एक आजी मला दोनदा म्हणाल्या, "अहो, पोरी पहाटेपासून उपाशी आहेत, किती वेळ उन्हात उभं करणार?" मला काही बोलता आलं नाही. शेवटच्या फेरीत एक मुलगी माझ्यापासून वीस-पंचवीस पावलांवर झोकांड्या खाऊ लागली आणि गवतात कोसळली. अंग तव्यासारखं तापलेलं, स्वतःचं नावही सांगता येईना. रुग्णवाहिका होती, पण मंडपाशेजारी. मधल्या फाटकाला कुलूप होतं आणि किल्ली कुणाकडे आहे हे शोधण्यात वीस मिनिटं गेली. मुलगी वाचली. पण तेव्हापासून मी या खेळाचा इतिहास वेगळ्या नजरेनं वाचायला लागलो.

इंग्लंडच्या निवासी शाळांत 19व्या शतकात मुलं एक खेळ खेळत. एक-दोघं 'ससे' होऊन कागदाचे कपटे टाकत रानातून पुढे पळायचे आणि बाकीचे 'शिकारी कुत्रे' होऊन त्यांचा माग काढायचे. क्रॉस कंट्री त्यातून आली. वाट चुकणं हा त्या खेळाचा भागच होता. पण 1876 मध्ये लंडनजवळच्या एपिंग जंगलात राष्ट्रीय अजिंक्यपदाची शर्यत ठेवली तेव्हा 32 धावपटू सुटले आणि सगळेच्या सगळे भलत्याच वाटेला लागले. शर्यत रद्द करावी लागली, पहिला अधिकृत विजेता मिळाला तो पुढच्या वर्षी. आपल्याकडे फक्कीची रेघ रात्रीच्या पावसात धुऊन जाते आणि सकाळी पुन्हा मारायची कुणाला आठवण राहत नाही, तेव्हा पोरांचं हेच होतं.

वाट चुकण्यापेक्षा ऊन फार वाईट. 1912 ते 1924 या काळात क्रॉस कंट्री ऑलिंपिकमध्ये होती. 10 जुलै 1924 रोजी पॅरिसमध्ये पारा चाळिशीपार गेलेला असताना भर उन्हात दहा किलोमीटरहून थोडी लांब शर्यत सोडली गेली. वाटेत गुडघाभर रानगवत आणि जवळच्या वीजकेंद्राचा धूर. 38 जण धावले, 15 पोहोचले. फिनलंडचा पावो नूर्मी शांतपणे जिंकला, पण त्याच्यामागून येणारे स्टेडियममध्ये शिरताना भेलकांडत होते. रस्त्यात पडलेल्यांना रेडक्रॉसची माणसं नंतर कितीतरी वेळ शोधत होती. त्यानंतर ऑलिंपिकमधून ही शर्यत वगळली ती वगळलीच. मला खटकतं ते हे, की खेळ काढून टाकला गेला, पण त्या दिवशी ऊन बघून "आज नको" म्हणायचा अधिकार कुणाचा होता, हा प्रश्न तसाच राहिला.

24 मार्च 2007 रोजी केनियातल्या मोंबासामधल्या जागतिक क्रॉस कंट्री स्पर्धेत तोच प्रश्न पुन्हा उभा राहिला. समुद्रकाठची दमट हवा, वर ऊन. 2002 पासून सलग पाच वर्षं लांब आणि छोटी अशा दोन्ही शर्यती जिंकणाऱ्या इथिओपियाच्या केनेनिसा बेकेलेनंही शेवटच्या फेरीत शर्यत सोडली.

आणि 22 मे 2021, चीनचा गान्सू प्रांत. डोंगरातली 100 किलोमीटरची शर्यत, 172 स्पर्धक, बरेचसे टी-शर्ट आणि अर्ध्या चड्डीवर. अचानक वादळी वारा, गारा, गोठवणारा पाऊस. जिथे गाडी जाऊ शकत नाही अशा चढावर माणसं अडकली आणि 21 जण दगावले. सहा जणांना एका मेंढपाळानं गुहेत नेऊन वाचवलं.

क्रॉस कंट्रीचं आंतरराष्ट्रीय नियमपुस्तक अशा अनुभवांतून शहाणं झालेलं आहे. वाट साधारण 1,500 ते 2,000 मीटरच्या, पुन्हा पुन्हा मारायच्या एका मोठ्या फेरीची असावी असं त्यात आहे. त्यामुळे प्रत्येक धावपटू थोड्या थोड्या वेळानं पंचांच्या नजरेसमोरून जातो. गर्दी मोठी असेल तर पहिल्या 300 मीटरमध्ये अरुंद जागा नको, कारण चेंगराचेंगरी तिथेच होते. हवा तशी असेल तर दर फेरीला पाणी हवं. डॉक्टरांनी सांगितलं की धावपटूनं तत्काळ थांबायचं, असाही नियम आहे. पण जिल्हा पातळीवर असा डॉक्टर नेमलेलाच नसतो, आणि पंच पाहुण्यांकडे बघत राहतात.

उष्माघातावरचा उपचार म्हणाल तर तो अवघड नाही. धावताना शरीराचं तापमान 40 अंशांच्या वर गेलं आणि माणूस बरळायला लागला, तर त्याला आधी जागेवरच बर्फाच्या पाण्यात बसवायचं, दवाखान्यात न्यायचं ते नंतर. पहिला अर्धा तास मोलाचा. अमेरिकेतल्या फॅलमथच्या शर्यतीत 18 वर्षांत अशा 274 जणांवर हाच उपचार झाला आणि एकही दगावला नाही.

ग्वाल्हेरला हे सांगायला बाहेरून कुणी यायची गरज पडू नये. 1857च्या शताब्दीला, 1957 मध्ये, राणी लक्ष्मीबाईंच्या नावानं इथे शारीरिक शिक्षणाचं महाविद्यालय सुरू झालं. देशभरातले क्रीडाशिक्षक इथे शिकून गेले. ज्ञान गावातच आहे, ते शाळेच्या मैदानापर्यंत पोहोचायला हवं.

आम्ही चार-पाच जण आता जिथे जातो तिथे आदल्या संध्याकाळी सगळी वाट पायी फिरतो. वळणाजवळ ताडपत्रीचा हौद करतो, बर्फाच्या दोन लाद्या गोणपाटात गुंडाळून ठेवतो, फाटकाची किल्ली माझ्या गळ्यात असते. मागच्या खेपेला मात्र शर्यत पुन्हा दीड तास उशिरा सुटली.