ग्राम पाणीपुरवठा व स्वच्छता समिती : गावचे पाणी आणि गावचा हिशेब

गावच्या नळपाणी योजनेची आखणी, कामावरची देखरेख, पाणीपट्टीची वसुली आणि पुढची देखभाल-दुरुस्ती पाहण्यासाठी ग्रामसभेने नेमलेली समिती. महाराष्ट्रात ती ग्रामपंचायत अधिनियम, १९५८ च्या कलम ४९ नुसार स्थापन होते. तिचे बँक खाते वेगळे असले तरी ती ग्रामपंचायतीचीच समिती आहे, त्यामुळे तिच्या प्रत्येक रुपयाचा जाब ग्रामसभेला विचारता येतो. राज्यघटनेच्या ७३ व्या दुरुस्तीने अकराव्या अनुसूचीत पिण्याचे पाणी हा विषय पंचायतींकडे दिला, तोच या व्यवस्थेचा घटनात्मक पाया.

१९७२ च्या दुष्काळानंतर राज्यात गावोगावी विंधण विहिरी झाल्या आणि हातपंप आले. पुढे देशभर पसरलेल्या ‘इंडिया मार्क २’ हातपंपाची मुळे जालना आणि सोलापूर येथे घडलेल्या पंपांमध्ये आहेत, हे महाराष्ट्रात फारसे कोणाला ठाऊक नसते. त्या काळात योजना सरकारची आणि दुरुस्तीही सरकारची, असाच रिवाज होता. पंप बंद पडला की जिल्हा परिषदेचा मेकॅनिक येईपर्यंत बायका दोन-दोन मैलांवरून पाणी आणत. देखभाल गावाच्या हाती देण्याचा विचार १९९० च्या दिल्ली येथील जागतिक परिषदेनंतर जोर धरू लागला. २००० च्या आसपास महाराष्ट्राने मागणी आधारित धोरण (गावाने मागितली आणि खर्चाचा वाटा उचलला तरच योजना) स्वीकारले आणि २५ डिसेंबर २००२ रोजी केंद्राची ‘स्वजलधारा’ सुरू झाली. भांडवली खर्चाच्या १० टक्के लोकवर्गणी गावाने भरायची आणि चालवण्याचा सगळा खर्च गावानेच उचलायचा, ही तिची अट होती. जागतिक बँकेच्या कर्जावर २००३ ते २००९ या काळात राबवलेला ‘जलस्वराज्य’ प्रकल्प आणि जर्मन साहाय्याचा ‘आपलं पाणी’ प्रकल्प याच धाटणीचे. जलस्वराज्यात पाणीपुरवठा समितीच्या जोडीला महिलांची आणि सामाजिक लेखापरीक्षणाची समितीही असे. पैसे खर्च करणारे वेगळे आणि तपासणारे वेगळे, ही त्यातली सर्वांत मोलाची सोय होती.

लोकवर्गणीमागे कल्पना अशी, की ज्याने पदरचे शंभर रुपये घातले तो पाइप किती इंची टाकला हे विचारल्याशिवाय राहणार नाही. प्रत्यक्षात अनेक गावांत ही रक्कम ठेकेदारानेच लोकांच्या नावाने भरून टाकली. कागदावर १० टक्के पूर्ण झाले, पण हिशेब विचारण्याचा गावाचा हक्कच विकला गेला. ठेकेदार ती रक्कम कामातूनच वसूल करणार हे उघड आहे : खोदाई उथळ होते, पाइपचा दर्जा उतरतो. म्हणून लोकवर्गणीचे पावती पुस्तक हा योजनेचा पहिला आणि सर्वांत बोलका पुरावा मानला पाहिजे. घरटी वेगवेगळ्या तारखांच्या, लहान-लहान रकमांच्या पावत्या असतील तर वर्गणी खरी. एकाच दिवशी, एकाच हस्ताक्षरात शे-दीडशे पावत्या फाटल्या असतील तर ग्रामसभेने तिथेच प्रश्न विचारावा.

योजना चालू झाली की हिशेब ग्रामपंचायतीच्या नेहमीच्या नमुन्यांत येतो. कर मागणीची नोंदवही नमुना ९, कराची पावती नमुना १०, रोकडवही नमुना ५. त्यांची तपासणी स्थानिक निधी लेखापरीक्षा विभाग करतो, पण तो प्रमाणके (खर्चाच्या पावत्या) आणि बेरजा पाहतो, तेही उशिरा. नळाला किती वेळ पाणी येते, हे त्या अहवालात सापडत नाही. ते गावालाच ठाऊक असते आणि त्यासाठी लेखापालाची गरज नाही.

समजा, ३०० कुटुंबांचे, सुमारे १,५०० वस्तीचे गाव आहे. घरोघरी नळाने पाणी देण्याच्या केंद्राच्या जल जीवन मिशनच्या निकषाप्रमाणे माणशी रोज ५५ लिटर धरले तर दिवसाला ८२,५०० लिटर पाणी लागते. १,००० लिटरला ५ ग्रॅम टीसीएल पावडर (पाणी निर्जंतुक करणारी क्लोरीनची पावडर) या प्रमाणाने रोज सुमारे ४१२ ग्रॅम, म्हणजे वर्षाला दीडशे किलो, म्हणजे २५ किलोची सहा पोती. रोकडवहीत वर्षभरात दोनच पोती दिसली तर गाव निर्जंतुक न केलेले पाणी पीत आहे, आणि पंधरा दिसली तर पावडर कागदावरच खपली आहे. विजेचेही तसेच. साडेसात एचपीची मोटार तासाला साधारण साडेपाच युनिट खाते. रोज सहा तास चालली तर महिन्याला हजार युनिटच्या आसपास बिल यावे. ते एकाएकी दीडपट झाले तर पाइप कुठेतरी फुटला आहे, नाहीतर उद्भवाची, म्हणजे जिथून पाणी उपसतो त्या विहिरीची, पातळी खाली गेली आहे. साठा नोंदवही, वीजबिल आणि मोटारीची लॉगबुक ही तीन कागदपत्रे शेजारी ठेवून वाचणारी एक बाई समितीत असली तर निम्मी गडबड सुरू होण्याआधीच थांबते. समितीत निम्म्या जागा महिलांना असाव्यात असा नियम आहे. त्या जागांवर सह्यांपुरती नावे घालणे म्हणजे पाण्याची खरी जाण असलेल्यांना बाहेर ठेवणे होय.

वसुली ही योजनेची सर्वांत दुखरी नस आहे. पाणीपट्टी ठरवताना वीज, पावडर, व्हॉल्व्हमनचा पगार आणि मोटार रिवाइंडिंगसाठी राखीव रक्कम एवढे तरी धरावे लागते. पण निवडणूक जवळ आली की दर वाढत नाही. थकबाकीदारांत गरीब घरे असतात तशी बंगलेवाली घरेही असतात, आणि नळाला टिल्लू पंप (छोटी मोटार) लावून शेजाऱ्याच्या वाट्याचे पाणी ओढणारेही. कायदा इथे कडक आहे : मागणी बिल मिळाल्यावर तीन महिन्यांत कर न भरणारा सदस्य अपात्र ठरू शकतो. थकबाकीची यादी सदस्यांच्या नावांपासून सुरू करून चावडीवर लावली, तर बाकीच्यांना सांगण्याचे तोंड तरी राहते. कराडजवळच्या मलकापूरने मीटर बसवून चोवीस तास पाणी दिले. जितके वापरले तितकेच बिल आले की लोक पैसे द्यायला कुरकुर करत नाहीत, हे तिथे दिसले.

समित्यांच्या खात्यात थेट पैसे येऊ लागले तेव्हा काही ठिकाणी अध्यक्ष, सचिव आणि ठेकेदार यांनी संगनमताने रकमा उचलल्या, काम अर्धवट राहिले आणि गुन्हेही दाखल झाले. त्यातून हिशेबाची उघड तपासणी वाढायला हवी होती. झाले उलटेच, पैशाचा अधिकारच वर सरकला. १५ ऑगस्ट २०१९ रोजी जाहीर झालेल्या जल जीवन मिशनमध्ये राज्यात निविदा आणि देयके बहुतांशी जिल्हा परिषदेचा ग्रामीण पाणीपुरवठा विभाग किंवा महाराष्ट्र जीवन प्राधिकरण हाताळते. मार्गदर्शक सूचनांत मात्र गावाच्या समितीवर आखणीपासून देखभालीपर्यंत सगळी जबाबदारी आहे. ठेकेदार निवडण्यात ज्यांना स्थान नव्हते त्यांनीच त्याच्या गळक्या टाकीचा खर्च पुढची वीस वर्षे सोसायचा, ही रचना अन्याय्य आहे. खर्चाची जबाबदारी द्यायची असेल तर देयक रोखण्याचा अधिकारही गावाला द्यायला हवा.

अकोला, अमरावती, बुलढाण्याच्या खारपाण पट्ट्यात, म्हणजे जमिनीतले पाणी खारे असलेल्या भागात, गावातली विहीर पिण्यायोग्य नसते. तिथे धरणावरून अनेक गावांना पाणी देणाऱ्या प्रादेशिक योजना लागतात, अकोल्याची ८४ खेडी योजना ही त्यांतली एक. अशा ठिकाणी गावसमितीच्या हाती फक्त गावातले वितरण उरते, आणि एका गावाची थकबाकी सगळ्यांच्या वीजपुरवठ्यावर येते.

हस्तांतरण हा समितीच्या हातात उरलेला खरा क्षण. योजना ताब्यात घेण्याच्या ठरावावर सही करण्यापूर्वी काही कागद मागून घ्यावेत : जमिनीखालच्या पाइपांचा आणि व्हॉल्व्हचा नकाशा, मोजमाप पुस्तिकेची (झालेल्या कामाच्या मापांच्या नोंदींची) प्रत, पंपाची हमीपत्रे, उद्भवाच्या क्षमता चाचणीचा अहवाल, त्रयस्थ तपासणीचा अहवाल. यांहून महत्त्वाचे म्हणजे विहिरीच्या आणि टाकीच्या जागेचे नोंदणीकृत बक्षीसपत्र. जागा तोंडी दिलेली असते, देणारा भला माणूस असतो. पण सातबाऱ्यावर नोंद नसेल तर वाटण्या झाल्यावर त्याचे वारस पंपघराला कुलूप लावतात आणि मग गावाकडे दाखवायला काहीच नसते.